डावी वाटी तिची

लतिकाबाई दुकानात आल्या तेव्हा मी एका टांगेवाल्याचा ट्रान्झिस्टर उघडून बसलो होतो. सत्तर सालचा मे महिना. सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण दुकानाचा पत्रा तापून तडतडायला लागला होता. सदरमधलं माझं दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि खिळ्यांना टांगलेली तारांची भेंडोळी. लतिकाबाई स्टुलावर बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या,

"चंद्रभानभाऊ, बाबांचा सेट बिघडला हाय. आज येता काय घरी?"

त्यांचे बाबा म्हणजे चंपतराव. त्यांचा सेट मी ओळखत होतो, कारण तो मीच बनवला होता.

चंपतराव सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत मुकादम होते. तिथे एका सुरुंगाच्या वेळी त्यांचा डावा कान गेला. नुसता अधू झाला नाही, पूर्ण गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी काटोल रोडला, गोरेवाड्याच्या अलीकडे, दोन खोल्यांचं घर बांधलं. तेव्हा तिकडे वस्ती नव्हती. एक दिवस ते बायकोला घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, मले स्टिरिओ पाहिजे. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, काकाजी, राग मानू नका, पण स्टिरिओ दोन कानांसाठी असतो. अर्धं गाणं डावीकडून येतं, अर्धं उजवीकडून. तुम्हाला साधा सेट पुरेल, पैसेही वाचतील.

ते मोठ्यानं हसले. "दोन कान हायेत ना गा आमच्या घरी. उजवा माझा, डावा हिचा."

जयवंताकाकूंनी पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे पाहिलं. पण त्याही हसत होत्या.

मी अॅम्प्लिफायर तयार केला, तबकडीचं यंत्र जोडलं. स्पीकर दोन होतेच. शिवाय चंपतरावांच्या भाच्यानं मुंबईहून एक हेडफोन आणून दिला होता. सेट लावून दिला त्या दिवशी पाहिलं ते मी विसरलो नाही. दोघं बाजेवर शेजारी शेजारी बसली. हेडफोनची पट्टी ताणून एक वाटी त्यांनी आपल्या उजव्या कानाला लावली, दुसरी काकूंच्या डाव्या कानाला. गालाला गाल लागत होता. मी तिथं उभा आहे याचं दोघांनाही भान नव्हतं. 'वाटी' हा काकूंचाच शब्द. डावी वाटी तिची, उजवी त्यांची.

त्यांच्याकडे सतार आणि बासरीच्या जुगलबंदीची एक तबकडी होती. स्टिरिओ नवीन होतं तेव्हा कंपन्या वाद्यं अशी सरळ वाटून टाकत. सतार सगळी डावीकडे, बासरी सगळी उजवीकडे. म्हणजे सतार काकूंच्या वाटीत आणि बासरी चंपतरावांच्या. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी एक जागा होती, तिथं बासरी तीनेक मिनिटं थांबते आणि सतार एकटी वाजते. तेवढा वेळ चंपतरावांची वाटी मुकी. ते काकूंच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि विचारायचे, "काय वाजून राहिलं वं तुह्याकडे?" काकू नुसती मान डोलवायच्या.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात काकू गेल्या. ऊन लागलं एवढंच माझ्या कानावर आलं होतं. सांत्वनाला गेलो तेव्हा मी जास्त काही विचारलं नाही.

"बिघडलं म्हणजे काय झालं?" मी लतिकाबाईंना विचारलं.

त्या गांधीबागेतल्या एका शाळेत शिकवायच्या. नीट, नेमकं बोलणाऱ्या बाई. पण त्या दिवशी शब्द शोधत होत्या.

"त्यांच्या वाटीत... आवाज येतो म्हणतात. आईचा. रोज दुपारी तेच लावून बसतात. जेवत नाहीत भाऊ. वर्षभरात अर्धे झाले. मी म्हणते माझ्या घरी चाला, तर म्हणतात, ती बोलून राहिली, मी कसा येऊ?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "डॉक्टरांनी मनाचं हाय म्हणून सांगितलं. मनाचं मले दुरुस्त करता येत नाही. यंत्राचं असंल तर तुमी करा. तो आवाज बंद करून द्या."

मला बरं वाटलं, कारण हे माझ्या धंद्यातलं दुखणं होतं. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूत झिरपतो. आम्ही त्याला गळती म्हणतो. दोन बाजू जितक्या वेगळ्या राहतील तितका सेट चांगला. तारेत, टाक्यात, म्हणजे कथिलाच्या जोडात, कुठं कच्चं राहिलं की सतारीचा अंश बासरीच्या बाजूला ऐकू यायला लागतो, अगदी बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखा. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या बारीक आवाजात काहीही ऐकू येऊ शकतं.

"दुपारीच या," लतिकाबाई जाता जाता म्हणाल्या. "ते दुपारीच लावतात."

नवतपा चालू होता. नागपूरच्या माणसाला सांगायला नको. मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत एक वाजता रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. डोक्याला ओला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून मी सायकल काढली. सदर मागे पडलं, मग बंगले संपले, मग झाडंही विरळ झाली. डांबर मऊ झालं होतं आणि चाकांना चिकटून चर्र चर्र वाजत होतं. त्याशिवाय आवाज नाही. रात्रीची शांतता वेगळी, तिच्यात किडे असतात, कुणी खोकतं. भर उन्हाळ्यातल्या दुपारची शांतता कोरडी असते. उजेड इतका की डोळे मिटावेसे वाटतात, आणि मिटले की असं वाटतं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

घराच्या दाराला वाळ्याचा पडदा लावला होता. लतिकाबाईंनी नुकतंच पाणी मारलं असावं; आत शिरताच तो गार, मातकट वास आला. खोलीत अंधार होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी काकूंचा फोटो. बाजेवर चंपतराव बसले होते. मी त्यांना रस्त्यात पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

"जय भीम, काकाजी."

"जय भीम. ये, चंद्रभान. बरं झालं आला." त्यांनी मला आपल्या उजव्या बाजूला बसवलं आणि लतिकाबाई पाणी आणायला आत गेल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोरीनं तुले आवाज बंद कराले सांगितलं ना?"

"हो," मी म्हणालो.

"तुले जे सांगितलं ते कर. सतारीचा आवाज माह्या वाटीतून पूर्ण काढून टाक. मलेबी तेच पाहिजे."

"तुम्हालाबी?"

"सतारीच्या खाली बोलते ती. सतार मधात येते म्हणून शब्द समजत नाही. सतार काढली त ऐकू येईन."

मग त्यांनी मला सांगितलं. लेकीलाही सांगितलं नव्हतं, असं म्हणाले.

"त्या दिवशी आम्ही हेच ऐकून राहिलो होतो. अशीच दुपार. मधातच उठली. म्हणे, बाहेर बाजेवरच्या मूगवड्या उलटवाच्या राहिल्या, तुमी ऐका, मी आलीच. मी तिची वाटीबी माह्याच कानाले लावून घेतली. बहिऱ्या कानाले. म्हटलं, तिची वाटी मोकळी काहून ठेवाची..." ते थांबले. "तबकडी संपली तवा उठलो. ती मागच्या पायरीवर बसून होती. भिंतीले टेकून. डोळे उघडे. डॉक्टर म्हणे, दहा मिनिटं आधी पाणी पाजलं असतं त वाचली असती. दहा मिनिटं, चंद्रभान! तिनं मले आवाज देला असंल ना गा? देलाच असंल. अन् मी दोन्ही कान झाकून बसलो होतो."

आत माठावरचं झाकण वाजलं. त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"ती काय म्हणाली ते मले ऐकाचं हाय. कितीबी वाईट असलं तरी. त्याच्याबिगर मले इथून उठता येत नाही."

लेकीला आवाज बंद करून हवा होता, बापाला तो स्वच्छ ऐकायचा होता, आणि दोघांचं काम एकच होतं. मी हत्यारांची पिशवी उघडली.

आधी नुसतं ऐकून पाहावं म्हणून जुगलबंदीची दुसरी बाजू लावली आणि हेडफोन डोक्याला चढवला. बासरी थांबली. सतार एकटी सुरू झाली. उजव्या वाटीत आता काहीच यायला नको होतं, पण सतार येत होती, बारीक, दूरची. म्हणजे गळती होती. माझा अंदाज खरा ठरला म्हणून मी मान हलवली. आणि तेव्हाच तिच्याखाली मला काहीतरी ऐकू आलं. पुटपुटल्यासारखं. बाईमाणूस शेजारच्या खोलीत कुणाशी बोलत असावं, तसं. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची चाल कळत होती.

पहिला विचार आला रेडिओचा. असे सेट कधी कधी नागपूर केंद्र पकडतात. सुई उचलली. आवाज गेला. सुई ठेवली. आवाज आला. मग उजवी वाटी बाजूला करून डावी नीट कानाशी दाबली. तिथं सतार होती, मोठी, स्वच्छ. पुटपुट नव्हती. तीनदा पाहिलं.

आता तुम्हीच सांगा. गळती म्हणजे इकडचं तिकडे जाणं. जे डावीकडे नाहीच, ते उजवीकडे कुठून गळेल?

"ऐकलं ना तू?" चंपतराव माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काही नाही काकाजी," मी म्हणालो. "टाका कच्चा असेल कुठंतरी."

आणि टाका कच्चा होताच. मी चाचणीची एक तबकडी नेली होती. तिच्यात फक्त डाव्या बाजूला एकसारखा सूर असतो आणि उजवी बाजू कोरी. तो सूर उजवीकडे कुठून शिरतो ते शोधत शोधत मी हेडफोनच्या खोबणीपाशी आलो. दोन कानांच्या दोन तारा वेगळ्या, पण परतीची तार दोघांची एकच असते. ती परतीची तार जिथं टाकली होती तिथला टाका राखाडी, भुरभुरीत दिसत होता. नखानं ढकलला तर हलला. तो माझाच टाका होता. दोन वर्षांपूर्वी घाईत मारलेला. मला लाज वाटली. यांनी वर्षभर जे ऐकलं ते माझ्या एका कच्च्या टाक्यातून आलं, असं मनाशी म्हणत मी टाका मारायची सळई तापवली आणि जुना टाका खरवडून पक्का केला. राळेचा धूर वर गेला. पुन्हा चाचणीची तबकडी लावली. डाव्या वाटीत सूर. उजव्या वाटीत काहीही नाही, पूर्ण शांत.

"झालं," मी म्हणालो. "आता तुमच्याकडे सतार येणार नाही."

लतिकाबाई पाण्याचा गडवा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांना वाटलं, संपलं. मलाही तसंच वाटावं अशी इच्छा होती.

"लाव," चंपतराव म्हणाले.

मी तबकडी लावली. त्यांनी हेडफोन घेतला, पट्टी ताणली, उजवी वाटी आपल्या कानाला लावली आणि डावी माझ्यापुढे धरली.

"ही घे. रिकामी नको ठेवू."

मला ती घ्यायची नव्हती. पण वर्षभर तो माणूस ती दुसरी वाटी स्वतःच्या बहिऱ्या कानावर लावून बसला होता. मी त्यांच्या उजवीकडून उठून डावीकडे बसलो, जिथं काकू बसायच्या. डावी वाटी डाव्या कानाला लावली. चंपतरावांच्या दाढीचे खुंट माझ्या गालाला लागले. त्यांना घाम फुटला होता.

जुगलबंदी चालू झाली. माझ्याकडे सतार. त्यांच्याकडे बासरी असावी. त्यांची बोटं मांडीवर हलत होती. मग बोटं थांबली. म्हणजे बासरी थांबली होती. माझ्या कानात सतार एकटी, सावकाश उतरत चालली होती.

आणि सतारीच्या दोन स्वरांच्या मधल्या जागेत, माझ्या वाटीत, एक पुरुष बोलला.

"झालं काय, बाई?"

आवाज मोठा नव्हता. रागाचाही नव्हता. दारात बैलगाडी उभी करून कुणी घरच्या बाईला हाक मारावी, तितकाच साधा. थोडा थकलेला. पण तो सतारीच्या मागे नव्हता, पुढे होता. माझ्या कानापाशी.

शेजारी चंपतरावांचा श्वास अडकला. ते काहीतरी ऐकत होते. मला त्यांच्याकडचं ऐकू येत नव्हतं. दोन बाजू मी स्वतःच वेगळ्या करून दिल्या होत्या.

थोडी सतार वाजली. मग तोच आवाज,

"अन् याइले? याइलेबी घेऊन चालाचं काय?"

चंपतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. तोंडावर दुःख नव्हतं, भीती नव्हती. लहान मुलाला जवळ घेतल्यावर जसं होतं, तसं काहीतरी होतं.

सतार संपत आली होती. शेवटचा स्वर लांबला, विरला. तबकडीची नुसती खरखर उरली. मी वाटी काढायला हात वर नेला, आणि त्या खरखरीत तो म्हणाला,

"अन् हा? हा जो ऐकून राहिला..."

मी वाटी कानावरून ओढून काढली. इतक्या जोरात की पट्टी चंपतरावांच्या डोक्यावरून सरकली. त्यांनी आपली वाटी मात्र दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरली आणि आणखी क्षणभर ऐकत राहिले. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. मग सुई आपोआप उचलली गेली.

"बाबा?" लतिकाबाई पुढे आल्या. "बाबा, काय झालं?"

चंपतरावांनी हेडफोन मांडीवर ठेवला.

"तिनं मले आवाज देलाच नाही वं, लतिका," ते म्हणाले. "मी वर्षभर समजत होतो, ती ओरडली असंल, पाणी मांगितलं असंल. नाही. बाहेरच्या कोणाशी तरी बोलून राहिली होती. 'झालं, चाला,' म्हणे. अन् मंग म्हणे, 'राहू द्या त्याइले. गाणं होऊ द्या त्याइचं.'" ते रडत होते आणि हसतही होते. "गाणं होऊ द्या म्हणे त्याइचं! ऐकलं काय तू? माह्यावर राग नाही तिचा."

लतिकाबाईंनी त्यांना जवळ घेतलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. हा आवाज खरोखरीच आला का, की बाबा मनानं सांगतायत, एवढंच त्यांना हवं होतं. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. मान खालीच ठेवली.

प्रश्न माझ्या वाटीत आले होते आणि उत्तरं त्यांच्या. ते जुळवायला मला काही वेळ लागला नाही. पण ते बोलायचं कसं? ज्या माणसानं आत्ता कुठं श्वास घेतला होता त्याला काय सांगू, की तुमची बायको त्या पायरीवर एकटी नव्हती? की कुणीतरी तुम्हालाही मागितलं होतं आणि तिनं दिलं नाही?

त्या दुपारी चंपतराव जेवले. कांदा, भाकर आणि आंब्याचं पन्हं. मी त्यांच्या पंक्तीला बसलो, नाही म्हणायची सोय नव्हती. उन्हं कलल्यावर ते स्वतःहून लेकीला म्हणाले, चाल, कोणाची रिक्षा पाह्य. आठवडाभरात ते घर रिकामं झालं.

पुढची सहा वर्षं ते लतिकाबाईंकडे राहिले, चांगले राहिले. नातवंडांना खाणीतल्या गोष्टी सांगायचे. सेट त्यांनी सोबत नेला होता, पण स्पीकरवर ऐकायचे, सगळ्यांबरोबर. हेडफोन पुन्हा कधी लावला नाही. म्हणायचे, आता काय ऐकाचं राहिलं?

मी मात्र बदललो. हेडफोन दुरुस्तीला आला तर घेत नसे. सेट तपासायचा तर स्पीकर लावून, तोही दार उघडं ठेवून. गिऱ्हाईक हसायचे.

शहात्तर साली चंपतराव अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो. दुपारच होती, पण पावसाळ्यातली, ओली, गर्दीची. बाहेर मुलं खेळत होती. लतिकाबाई शाळेत गेल्या होत्या. चंपतरावांनी मला उजव्या बाजूला बसवलं.

"चंद्रभान, एक इचारू काय गा? त्या दिवशी तिचं अजून एक बोलणं ऐकलं होतं मी. शेवटी. सुई उचलाच्या आधी. कोणाले सांगितलं नाही, काहून की त्याचा अर्थच लागला नाही मले. आमच्या घरचं नव्हतं ते."

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो. "काय म्हणाल्या काकू?"

"ती म्हणे, 'नको. याची पोरगी लहान हाय.'" ते छताकडे बघत होते. "कोणाची पोरगी? आमची लतिका त त्या वक्ती तीस वर्षांची होती."

त्यांचा हात धरून बसलो. तिसऱ्या दिवशी ते गेले, झोपेतच, शांतपणे.

त्या सत्तरच्या मे महिन्यात माझी करुणा चार महिन्यांची होती. काकू गेल्या तेव्हा ती जन्मलेली नव्हती, तिची आई नुकतीच गरोदर राहिली होती आणि आम्ही अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. चंपतरावांच्या घरी तिचा विषय कधी निघाला नव्हता. जयवंताकाकूंना मी आयुष्यात चारदा भेटलो असेन, त्यातही त्यांच्याशी बोललो ते सेटबद्दल. तरी त्या बाईनं माझ्यासाठी शब्द टाकला. मी मनातल्या मनात त्यांना कितीदा हात जोडले असतील याची गणती नाही.

करुणा आता एकोणीस वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिचं लग्न ठरलंय, मुलगा कामठीचा, स्वभावाला चांगला आहे. घरात पाहुण्यांच्या याद्या चालल्या आहेत, सगळे आनंदात आहेत, मीही आहे. काल तिनं नवी साडी नेसून दाखवली. केवढी मोठी झाली ही, असं बायको म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

मला मात्र काकूंचे शब्द आठवत राहिले. नको, एवढंच म्हणून त्या थांबल्या नव्हत्या. पोरगी लहान हाय, म्हणाल्या होत्या.